बंदुकीची कळ : तोड्यापासून काडतुसापर्यंत

आजचा धागा बंदुकीविषयी आहे. परंतु तिच्या नळीविषयी नव्हे, तिच्या कळीविषयी. नळीत दारू ठासून गोळी भरल्यावर त्या दारूपर्यंत अग्नी पोहोचवायचा कसा, या एकाच प्रश्नाभोवती बंदुकीचा सहाशे वर्षांचा इतिहास फिरत राहिला आहे. धागा लांबलचक आहे, सवडीने वाचावा.

निमित्त असे की, एक विधान वारंवार वाचनात येते. इंग्रजांकडे चकमकीच्या बंदुका होत्या, आपले लोक मात्र तोड्याच्या जुनाट बंदुकांना चिकटून बसले. म्हणून आपण हरलो. ऐकायला हे सोपे वाटते आणि त्यात थोडे सत्यही आहे. परंतु ‘चिकटून बसले’ या दोन शब्दांत आपण आपल्याच पूर्वजांना विनाकारण मूर्ख ठरवून मोकळे होतो. ते का चिकटून बसले, हा खरा प्रश्न आहे.

प्रारंभ चीनमधून. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणाची लेखी सूत्रे सन १०४४ च्या ‘वूजिंग झोंगयाओ’ या चिनी युद्धशास्त्रीय ग्रंथात आहेत. पुढे तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादवांचे राज्य असताना, तिकडे काशाच्या ओतीव हातनळ्या वापरात आल्या होत्या. ईशान्य चीनमधील हेइलोंगजियांग प्रांतात सापडलेली अशी एक नळी साधारण १२८८ च्या सुमाराची मानली जाते.

ही हातनळी म्हणजे एका टोकाला बंद असलेली नळी आणि बंद टोकाजवळ एक बारीक छिद्र. त्या छिद्राला आपल्याकडे ‘काना’ म्हणत. कान्यावर चिमूटभर बारीक दारू ठेवायची; तिचे नाव ‘रंजक’. रंजकाला निखारा किंवा जळती वात लावली की ज्वाला कान्यातून आत शिरते आणि बार उडतो.

अडचण इथेच होती. एका हाताने नळी धरायची, दुसऱ्या हाताने निखारा लावायचा आणि डोळे कान्यावर ठेवायचे. मग नेम कोणी धरायचा? वात नेमकी कान्यावर टेकवण्यासाठी खाली पाहावे लागे आणि तेवढ्यात समोरचे लक्ष्य दृष्टीआड होई. हातनळी आवाज करी, धूर करी, घोडे बिथरवी. परंतु माणूस टिपण्याच्या दृष्टीने ती धनुष्यबाणापुढे फिकीच होती.

तोड निघाली ती पंधराव्या शतकात, युरोपात. नळीच्या बाजूला नागाच्या फण्यासारखा वाकडा लोखंडी चाप बसवला आणि त्याच्या तोंडात जळता तोडा अडकवला. खालची कळ दाबली की फणा खाली झुके आणि तोड्याचे जळते टोक रंजकावर टेके. यंत्र म्हणून त्यात विशेष काही नाही. एक तरफ, एक खिळा, फार तर एक साधी कमान. परंतु एवढ्याने दोन्ही हात बंदुकीवर आले आणि डोळे मोकळे झाले. माझ्या मते बंदुकीच्या इतिहासातील सर्वांत मोठी उडी हीच. तिच्यानंतरच्या सुधारणा या उडीच्या दुरुस्त्या आहेत.

तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची किंवा तागाची दोरी. आपल्याकडे तिला जामगीही म्हणत. ती ज्वाला न धरता उदबत्तीसारखी मंद धुमसत राहते.

हिंदुस्थानात ही बंदूक नवी असतानाचा एक प्रसंग खुद्द बाबराने लिहून ठेवला आहे. सन १५१९ च्या जानेवारीत त्याने बाजौरच्या किल्ल्याला वेढा घातला. तेथील लोकांनी बंदूक कधी पाहिलेली नव्हती. आवाज झाला की ते तटावरून हातवारे करून बंदूकवाल्यांची टिंगल करीत. त्या दिवशी उस्ताद अली कुली या बाबराच्या बंदूकवाल्याने पाच माणसे टिपली. त्यानंतर तटावर डोके काढण्याचीही कोणाची छाती होईना. सात वर्षांनी पानिपतावर हाच उस्ताद अली कुली बाबराच्या तोफा-बंदुकांची बाजू सांभाळत होता.

पण बंदूक केवळ खैबर खिंडीतूनच आली असे नव्हे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, तेव्हा आदिलशाहीच्या तिथल्या शस्त्रागारात काम करणारे लोहार आणि बंदूककार त्यांच्या हाती आले. त्यांची कारागिरी पाहून अफोन्सो द आल्बुकर्कने पोर्तुगालच्या राजाला कळवले की, इथले कारागीर बोहेमियातल्यासारख्या उत्तम बंदुका घडवतात. त्या काळी बोहेमियाची बंदूक हा युरोपातील दर्जाचा मानदंड होता! पुढे १५४३ मध्ये पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर ज्या बंदुका जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरल्या आणि ज्यांच्या नकला करून जपान्यांनी आपली युद्धपद्धतीच पालटली, त्या बंदुकांच्या कळीची घडण गोवा-मलाक्का परंपरेशी जुळते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

जाता जाता शब्दांकडेही पाहावे. ‘बंदूक’ आपल्याकडे अरबी-फारसीतून आला, ‘तोफ’ तुर्कीतून. ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ मात्र पोर्तुगीजांनी दिले. कोणती वस्तू कोणत्या दाराने घरात आली, हे शब्द विसरत नाहीत.

अकबराच्या काळापर्यंत आपल्याकडची बंदूक चांगलीच प्रौढ झाली होती. ‘आईने अकबरी’त अबुल फजल नळी घडवण्याची रीत सविस्तर सांगतो. लोखंडाचा पत्रा नुसता वाकवून कडेला कड जोडायची नाही. तो पीळ देत तिरका गुंडाळायचा, एका पदराची कड दुसऱ्यावर चढवायची आणि भट्टीत थोडाथोडा तापवून ठोकत न्यायचा. अशी नळी फुटत नाही. सोळा नळ्या एकाच वेळी आतून घासून साफ करणाऱ्या, बैलाने फिरवायच्या यंत्राचेही वर्णन त्यात आहे. खुद्द अकबराच्या आवडत्या बंदुकीचे नाव होते ‘संग्राम’. चितोडच्या वेढ्यात १५६८ साली तिच्याच गोळीने जयमल राठोड पडला, असे अबुल फजल सांगतो.

म्हणजे नळी उत्तम होती. देशी तोड्याची बंदूक लांब असे, तिची नळी जाड आणि जड असे. तीत दारूचा मोठा बार बिनधोक भरता येई. बैठक मारून, बंदूक टेकवून नेम धरला तर तिचा पल्ला युरोपीय सैनिकी बंदुकीहून अधिक पडे. कळीची रचना लाकडी कुंद्याच्या पोटात लपवलेली असे. धूळ-पाण्यापासून तिचा आपोआप बचाव होई. बिघडली तर गावचा लोहार ती दुपारपर्यंत दुरुस्त करून देई.

आता तिचे दोष. जळता तोडा घेऊन वावरणारा सैनिक म्हणजे दारूच्या पिशव्या कमरेला लावून निखारा हातात धरणारा माणूस. तो शेजाऱ्यापासून हातभर अंतर राखूनच उभा राहणार, नाहीतर एकाची ठिणगी दुसऱ्याच्या दारूत. रात्री तोड्याचे लाल ठिपके दुरून दिसत. छापा घालायचा तर तोडा झाकावा लागे. लढाई होवो न होवो, पहाऱ्यावर तोडा जळत ठेवावा लागे, म्हणजे हातोहात दोरी संपत जाई. आणि पाऊस आला की सारेच संपले.

पावसाची गोष्ट सह्याद्रीत राहणाऱ्यांना वेगळी सांगायला नको. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांचे जे प्रकरण आहे, त्यात दारूखाना वस्तीच्या घरांजवळ नसावा आणि दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, अशी आज्ञा आहे. दारू म्हणजे सोरा, आणि सोरा हवेतला ओलावा धरतो. आज्ञापत्र वाचताना आपण त्यातील राजनीतीच्या वाक्यांवर थबकतो. मला तर दारूला ऊन देण्याच्या त्या आज्ञेत राज्य चालवणाऱ्या माणसाचा हात अधिक जाणवतो.

तोड्यावाचून बार काढण्याचे प्रयत्न युरोपात सोळाव्या शतकातच सुरू झाले होते. घड्याळासारखी किल्ली देऊन फिरणारे पोलादी चाक आणि त्यावर घासणारा खनिजाचा तुकडा, अशी एक कळ निघाली. ती सुंदर होती, नाजूक होती आणि इतकी महाग होती की राजेरजवाडे आणि श्रीमंत घोडेस्वार यांच्यापलीकडे ती गेलीच नाही. तिला इथेच सोडू.

खरा पालट झाला तो चकमकीने. साधारण १६१० च्या सुमारास फ्रान्समध्ये मारँ ल बूर्ज्वा या कारागिराने जी रचना पक्की केली, तीच पुढे दोनशे वर्षे जगभर चालली. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा पकडलेला असतो. कळ दाबली की घोडा कमानीच्या जोराने पुढे झेपावतो आणि उभ्या पोलादी पात्यावर आदळतो. त्या आघाताने ठिणग्या उडतात; त्याच आघाताने पाते मागे उलटून रंजकाची वाटी उघडी पडते आणि ठिणग्या तीत पडतात. झाकण उघडणे आणि अग्नी देणे ही दोन्ही कामे एकाच झटक्यात! हीच आपल्या कागदपत्रांतली ‘पथरकळा’, पत्थराची कळ असलेली बंदूक.

तिचा लाभ केवळ पावसापुरता नव्हता. तोडा गेला, त्याबरोबर सैनिकांमधले अंतर गेले. आता ते खांद्याला खांदा लावून उभे राहू शकत होते. कागदात बांधलेला बार दातांनी फाडायचा, थोडी दारू वाटीत, उरलेली नळीत, वर गोळी, गजाने ठासायचे आणि उडवायचे. कवायतीत मुरलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. त्याचा नेम यथातथाच असे. त्याची गरजही नव्हती, कारण मारा माणूस करीत नसे, रांग करीत असे. टोकाला संगीन लावली की भालाईतांचीही आवश्यकता उरत नसे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एवढी सोयीची वस्तू आपल्याकडच्या साध्या बरकंदाजाने का उचलली नाही?

कारण त्याला रांगेत उभे राहायचेच नव्हते. किल्ल्याच्या तटावरून, खिंडीच्या आडोशाने, झाडामागून एकेक माणूस टिपणाऱ्याला लांब पल्ल्याची, स्थिर जळत्या तोड्याची बंदूक अधिक उपयोगाची. चकमकीचा घोडा जोराने आदळतो, बंदुकीला धक्का बसतो. तोडा अलगद टेकतो. आणि चकमक बिघडली तर? तिच्या कळीत ताठ पोलादी कमानी असतात. कमान तुटली तर नेमके पाणी दिलेली नवी कमान लागते, आणि ते काम गावच्या ऐरणीवर होणारे नव्हे. गारेचा तुकडाही वीस-तीस बारांनंतर बोथट होतो. मग नवा हवा, नेमक्या आकाराचा. इंग्रजी फौजेला असे तुकडे इंग्लंडमधल्या ब्रँडन या गावातून पिंपे भरभरून जात.

याउलट तोड्याच्या बंदुकीला काय लागे? सुताची दोरी. गावाबाहेरच्या पांढऱ्या मातीतून काढलेला सोरा, कोळसा, बाजारातले गंधक आणि शिसे. लोहाराची ऐरण. पंचक्रोशीत मिळणार नाही असे त्यात फारसे काही नव्हते. ती बंदूक ज्याची, तिचा बारही त्याचाच.

सोऱ्याच्या बाबतीत तर हिंदुस्थान अवघ्या जगाचा पुरवठादार होता. बिहारचा सोरा डच आणि इंग्रज जहाजांतून युरोपात जाई आणि तिकडच्या लढायांत उडे. १७५७ ला प्लासी झाली. लगेच पुढच्या वर्षी कंपनीने बिहारच्या सोऱ्याचा मक्ता आपल्याकडे घेतला. दिवाणी मिळायला अजून सात वर्षे होती. कंपनीला आधी काय हवे होते, ते यावरून ध्यानात यावे.

मात्र जिथे रांगेने लढायची वेळ आली, तिथे मराठ्यांनी पथरकळा स्वीकारली नाही असे म्हणणे साफ चुकीचे ठरेल. फ्रेंच सेनानी बुसीच्या पद्धतीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी आपली पलटणे घेऊन सदाशिवरावभाऊंबरोबर पानिपतावर उभा होता आणि त्याच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी कशी झोडपली, हे सर्वश्रुत आहे. ‘गारदी’ हा शब्द बहुधा फ्रेंच ‘गार्द’वरूनच आला. बारा वर्षांनी शनिवारवाड्यात नारायणरावांवर धावून गेलेल्या गारद्यांमुळे या शब्दाला जो काळिमा लागला, तो मुळात त्यात नव्हता.

महादजी शिंद्यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. १७८४ मध्ये त्यांनी बन्वा द ब्वान्य या सावोयच्या सेनानीला चाकरीत घेतले. त्याने कंपू उभे केले आणि १७९० मध्ये पाटण व मेडत्याच्या लढायांत त्या कंपूंनी राजपूत घोडदळाचे हल्ले परतवून दाखवले. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो आग्र्याचा कारखाना. सँगस्टर नावाचा एक स्कॉटिश माणूस तिथे तोफा ओतवून घेई आणि पथरकळा बनवून घेई. बंदुकीमागे सुमारे दहा रुपये खर्च येई आणि ती विलायती बंदुकीच्या तोडीची असे.

म्हणजे कमान, पोलाद, पाणी देणे, एकसारखे माप हे सारे करणारे हात इथलेच होते. प्रश्न कारागिरीचा नव्हता. त्यामागे सतत पैसा ओतणारे, कारखाना बाराही महिने चालवणारे कोणी असले की पथरकळा इथेही होत होती. नसले की होत नव्हती.

१८०३ च्या असईच्या लढाईत वेलस्लीचे दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले. लासवारीला शिंद्यांची पलटणे ज्या निर्धाराने उभी राहिली, त्याची तारीफ शत्रूचा सेनापती लेक यानेच केली. तिथे हातातील बंदूक दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखीच होती. ऐन मोक्याला कंपूंचे अनेक युरोपीय अधिकारी इंग्रजांच्या जाहीरनाम्याला भुलून निघून गेले. खुद्द मुख्य सेनानी पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ‘जुनाट बंदुकांमुळे हरलो’ हे म्हणणे १८०३ पुरते तरी टिकत नाही.

यानंतरची सुधारणा एका धर्मोपदेशकाने केली, तीही बदकांमुळे! स्कॉटलंडमधील बेलहेल्वी गावचा रेव्हरंड अलेक्झांडर फोर्साइथ हा शिकारीचा षौकी होता. चकमकीच्या बंदुकीत कळ दाबणे आणि गोळी सुटणे यांमध्ये एक क्षण जातो. त्या क्षणी वाटीतले रंजक भपकन पेटते, पक्षी ते पाहून बुडी मारतो किंवा उडतो. फोर्साइथला उघडे रंजकच नको होते. नुसत्या आघाताने स्फोट पावणारी रसायने तोवर रसायनशास्त्रज्ञांना माहीत झाली होती. मर्क्युरी फल्मिनेटची माहिती एडवर्ड हॉवर्डने १८०० मध्ये प्रसिद्ध केली होती. फोर्साइथने हे ज्ञान बंदुकीच्या कळीत आणले आणि १८०७ मध्ये पेटंट घेतले. पुढच्या काही वर्षांत ते रसायन तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरले जाऊ लागले. टोपी कान्यावरच्या बोंडीवर बसवायची, घोडा तिच्यावर आपटायचा, बार उडतो. ठिणगी नाही, वाटी नाही, वाऱ्यापावसाची फिकीर नाही.

फरक किती पडला? १८३४ मध्ये इंग्लंडात वुलविच येथे चाचणी झाली. दोन्ही प्रकारच्या बंदुकांनी ६००० बार काढले. चकमकीचे ९२२ बार फुकट गेले. टोपीचे केवळ ३६. आपल्या भाषेतला ‘फुसका बार’ हा वाक्प्रचार कोणत्या अनुभवातून आला असेल, ते या आकड्यांवरून समजावे. साडेसहा बारांमागे एक फुसका!

१८४१ या एकाच वर्षातले दोन प्रसंग या संदर्भात शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला चीनमधला, मे महिन्यातला. कँटनजवळ सानयुआनली येथे कंपनीच्या ३७व्या मद्रास पलटणीची एक तुकडी मुसळधार पावसात मुख्य फौजेपासून तुटली आणि हजारो खवळलेल्या गावकऱ्यांनी तिला घेरले. शिपायांच्या हाती चकमकीच्या बंदुका होत्या. ओल्या रंजकाने एकही धड उडेना. चौकोन करून, संगिनी रोखून ते उभे राहिले. त्यांना सोडवायला नौदलाच्या ज्या दोन गोऱ्या तुकड्या गेल्या, त्यांच्याकडे टोपीच्या बंदुका होत्या. त्या पावसातही उडाल्या. एकाच फौजेतली, एकाच लढाईतली ही माणसे. तरी नवी कळ कोणाला आधी मिळाली, याची नोंद वाचकांनी घ्यावी.

दुसरा प्रसंग त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, काबूलजवळच्या बेमारू टेकडीवर. इथे उलटे घडले. अफगाणांच्या लांब नळीच्या जेझाइल बंदुका इंग्रजी बंदुकीचा पल्ला संपतो तिथून पलीकडे बसून रांगेतल्या शिपायांना टिपत होत्या. रांग उभी होती, मारा करीत होती, आणि गोळ्या पोहोचत नव्हत्या. वस्तुसंग्रहालयांत आज ज्या जेझाइल दिसतात, त्यांतल्या पुष्कळांची नळी देशी आणि कळ मात्र कंपनीच्या बंदुकीतून काढून बसवलेली, चकमकीची आहे. नळी डोंगरातला कारागीर घडवू शके. कळ लुटून किंवा विकत आणावी लागे.

तांब्याची टोपी तर लुटून आणली तरी एकदाच उडते. तिची नक्कल ऐरणीवर होत नाही. तिला पत्रा ठोकणारे यंत्र हवे आणि स्फोटक रसायन जीव न गमावता बनवणारी प्रयोगशाळा हवी. तोड्याच्या दोरीपासून गारेच्या तुकड्यापर्यंत आणि तिथून टोपीपर्यंत येता येता बंदूक अधिकाधिक भरवशाची होत गेली आणि त्याच मापाने ती चालवणाऱ्याच्या गावापासून दूर गेली. हा प्रवास कोणी योजून केलेला नव्हता. फोर्साइथला फक्त बदके मारायची होती.

नळीच्या आतल्या आट्यांचे रहस्य युरोपातील बंदूककारांना पुष्कळ आधीपासून ठाऊक होते. गोळीला फिरकी दिली की ती सरळ आणि लांब जाते. पण आट्यांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठासायला फार वेळ लागे. फ्रेंच अधिकारी मिनिए याच्या नावाने ओळखली जाणारी गोळी १८४९ मध्ये पुढे आली आणि तिने ही कोंडी फोडली. ती नळीपेक्षा किंचित बारीक, त्यामुळे सहज खाली उतरते. तिचे बूड पोकळ, त्यामुळे बार उडताच ते फाकून आट्यांत रुतते. हे तत्त्व, तांब्याची टोपी आणि तीन आट्यांची नळी यांतून १८५३ ची एन्फील्ड सिद्ध झाली. तिची दृष्टिपट्टी कित्येक शे यार्डांपर्यंत आखलेली होती.

घट्ट गोळी सहज सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावलेली असे. पुढचे सर्वांना माहीत आहे. तरीही कळीच्या दृष्टीने त्याकडे पुन्हा पाहावे.

१८५७ च्या जानेवारीत डमडमला कुजबुज सुरू झाली की ही चरबी गाईची आणि डुकराची आहे. सरकारने मग शिपायांना आपले तूप-मेण आपण लावण्याची मुभा दिली. काडतूस दातांऐवजी हाताने फाडायची मुभा दिली. संशय हटला नाही, तो कागदाच्या चकाकीवर जाऊन बसला. २४ एप्रिलला मीरतमध्ये तिसऱ्या घोडदळाच्या ९० निवडक स्वारांपुढे काडतुसे ठेवली गेली. ती एन्फील्डची नव्हतीच. वर्षानुवर्षे वापरातली जुनीच होती. ८५ जणांनी त्यांना हात लावायला नकार दिला. पंधरवड्यानंतर, १० मेला, मीरत उठले.

‘अफवेला बळी पडलेले भोळे शिपाई’ असे म्हणून हा प्रसंग निकालात काढणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. ज्याचा आजा आपल्या तोड्याच्या बंदुकीची दारू कोणी कुटली आणि गोळी कोणी ओतली हे नावानिशी सांगू शकत होता, त्या माणसाला आता बंद कागदी पुडी मिळत होती आणि ती त्याला तोंडात धरायची होती. आत काय आहे, हे दूरच्या कोठारातला कारकून जाणे. विश्वास असता तर त्याने विचारलेही नसते. तो उरला नव्हता, आणि पुडी उघडून खात्री करून घेण्याचा मार्ग त्याच्यापाशी नव्हता.

बंड मोडल्यावर सरकारने जे केले ते फार बोलके आहे. देशी पलटणींसाठी एन्फील्डचीच एक खास आवृत्ती काढण्यात आली. बाहेरून ती तीच बंदूक. आतून मात्र नळी आट्यांवाचून गुळगुळीत, आणि लांब पल्ल्याची दृष्टिपट्टी काढून टाकलेली. बंदुकीच्या इतिहासात सुधारणा करण्यासाठी डोके लढवल्याची उदाहरणे शेकड्यांनी सापडतील. बिघाड करण्यासाठी इतक्या काळजीने केलेले काम क्वचितच.

पुढे मागच्या बाजूने भरायच्या बंदुका आल्या. धातूच्या काडतुसात दारू, गोळी आणि टोपी तिन्ही एकत्र झाली. रंजक, काना आणि गज इतिहासजमा झाले. १८६६ मध्ये जुन्या एन्फील्डचीच मागची बाजू कापून स्नायडर तयार झाली, १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली. धोरण मात्र ठरलेले होते: देशी शिपाई गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी मागे. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे जनरल बरोजच्या फौजेचा धुव्वा उडाला, तेव्हा तिच्यातल्या ६६व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या. शेजारी उभ्या असलेल्या मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या पलटणींकडे स्नायडर. गोळ्या झेलताना तिघांत भेद नव्हता.

धातूच्या काडतुसासाठी कारखाना लागतो. असा एक कारखाना १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला निघाला. तो आजही आहे. पुणेकरांनी त्याच्या भिंतीवरून जाताना एकदा थांबून विचार करावा की, ती भिंत कोणापासून काय राखण्यासाठी बांधली गेली असेल.

आता शेवटचा कागद. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरले, हे शाळेतही शिकवतात. त्या कायद्याच्या व्याख्या मात्र सहसा कोणी वाचत नाही. ‘दारूगोळा’ या शब्दात काय काय येते, याची तिथे लांबलचक यादी आहे. बंदुकीच्या चकमकीचे दगड त्यात आहेत, तांब्याच्या टोप्या आहेत, काडतुसाचे सुटे भाग आहेत, काडतुसे बनवण्याची यंत्रेही आहेत. आणि यादीच्या अखेरीस तीन वस्तू नावे घेऊन वगळल्या आहेत: शिसे, गंधक आणि सोरा.